निम्म्या उजेडातलं दुकान

दुकानात शिरून बराच वेळ झाला तरी आपलं डोकं दुखायला लागलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बुटांच्या फळ्यांपुढे उभी होती आणि तिच्या हातात लहान मुलाचा एक निळा बूट होता. आधी तिचा विश्वासच बसेना. तिनं डाव्या भुवईच्या वर बोट दाबून पाहिलं. दुखणं नेहमी तिथून सुरू व्हायचं, मग कानामागे उतरायचं आणि घरी पोचेपर्यंत मानेत ठाण मांडून बसायचं. दुकान म्हणजे डोकेदुखी, हे तिच्या लेखी इतकं ठरलेलं होतं की घराबाहेर पडताना पर्समध्ये गोळी टाकायला ती कधी विसरली नव्हती. अशी गोळी सगळ्याच बायका जवळ बाळगत असणार, असं ती धरून चालली होती. आज मात्र भुवईवर काहीच नव्हतं. नुसतं कपाळ होतं, थंड, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. इतक्या वर्षांचा शेजारी न सांगता घर सोडून गेल्यासारखं तिला वाटलं.

दुकान तसं चारचौघांसारखंच होतं. भिंतीभर फळ्या, मधे बसायला बाकं, कोपऱ्यात पायाचं माप घ्यायची पट्टी, कातड्याचा आणि रबराचा वास. फक्त आठवड्यातल्या एका सकाळी, नेहमीची गिऱ्हाइकं यायच्या आधी, ते ऑटिझम असलेल्या मुलांसाठी उघडं ठेवत. तेवढ्या वेळापुरते वरचे निम्मे दिवे बंद असत, गाणी बंद असत, आणि दुकानातल्या मुलींना बजावलेलं असे की बोलावल्याशिवाय कुणाच्या जवळ जायचं नाही. लेकीला हे दुसऱ्या कुठल्या आईकडून कळलं होतं. लेकीची दोन्ही मुलं ऑटिझमवाली. थोरली नऊ वर्षांची; सगळ्यांच्या चुका काढते म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. धाकटा पाच वर्षांचा, अजून एक शब्दही न बोलणारा, पण सदानकदा गुणगुणणारा, म्हणून तो भुंगा. जावयाची ड्यूटी होती आणि दोघांना एकटीनं सांभाळणं म्हणजे लेकीला तारेवरची कसरत, म्हणून आजी सोबत आली होती. आली होती म्हणजे लेकीनं आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, "आई, येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल," आणि त्या दुसऱ्या वाक्यामुळेच ती हो म्हणाली होती. नाही म्हणशील हे मी धरूनच चाललेय, असं त्या वाक्यात होतं. लेक तिच्याशी बोलताना असा मागचा दरवाजा नेहमी उघडा ठेवायची.

तिनं निळा बूट उलटा केला. तळव्यावर रबराच्या बारीक नक्षीच्या ओळी होत्या, पाण्यावर उठाव्यात तशा. तिनं अंगठा त्यांच्यावरून टाचेपासून चवड्यापर्यंत नेला, परत टाचेपर्यंत आणला. बरं वाटलं. पुन्हा नेला. एरवी दुकानात असं काही करायची तिची टाप नव्हती. दुकानात लक्ष ठेवावं लागे. कोण आपल्याकडे येतंय, काय विचारणार, कितपत हसायचं, "नुसतं बघतेय" हे वाक्य तुटक न वाटेल असं कसं म्हणायचं. हे काम इतकं अंगवळणी पडलं होतं की ते काम आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. आज ते करायची गरज उरली नव्हती आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत काहीतरी हळूहळू वर येत होतं. लहानपणी तिची आई तिला बाजारात न्यायची तेव्हा ती आईच्या कमरेत तोंड खुपसून चालायची. "माझी पोर भारी शिष्ट हो," आई समोर येईल त्याला सांगायची, "माणसांचं वावडंच आहे तिला." आईच्या बोलण्यात राग नसायचा, थोडी लाज असायची. घरात पाहुणे जमले, सगळे एकदम बोलायला लागले, की ती कपाटामागच्या फटीत जाऊन बसायची. एक काका तिथून तिला हाताला धरून ओढून काढायचे आणि मोठ्यांदा हसायचे. त्यांच्या हसण्याचा रंगसुद्धा तिला आठवत होता, पिवळाजर्द. मग कधीतरी तिनं ठरवलं असणार की आता कपाटामागे जायचं नाही, माणसांत बसून शिकून घ्यायचं. ती इतर मुलींचे चेहरे बघायला लागली. त्या हसल्या की मनात थोडं थांबून हसायची. पुढे ते थांबणंही इतकं कमी होत गेलं की कुणाच्या लक्षात येईना. तिच्याही नाही.

शेजारी गुणगुण ऐकू आली. भुंगा कधी आला ते कळलंच नव्हतं. त्यानं खालच्या फळीवरचा एक बूट उचलला होता, उलटा केला होता आणि तो तळव्यावरून अंगठा फिरवत होता. टाचेपासून चवड्यापर्यंत, परत. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही. तिनं आपला बूट ठेवून दुसरा घेतला, याची नक्षी चौकटीचौकटींची होती, आणि त्याच्या हाताजवळ सरकवला. त्यानं चौकटी तपासल्या. मग आपला तिच्या हातात दिला. दोघं किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. नातवाशी काय बोलायचं, कसं बोलायचं, हा तिला कायम पडलेला प्रश्न होता. इतर आज्या नातवंडांचे गालगुच्चे घेत, त्यांना मांडीवर ओढत, आणि तिला वाटे, आपल्यात हे नाही, आपण सुकलेली बाई आहोत. आज बोलायचा प्रश्नच आला नाही. मान वर केली तेव्हा बाकावरून लेक तिच्याकडे बघत होती. लेकीच्या हातात भुंग्याचा जुना बूट तसाच होता. ती हसत नव्हती. काहीतरी वाचावं तशी बघत होती.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तो असा कुणाबरोबर करत नाही."

"असं म्हणजे कसं?"

"असं. देवघेव." मग जरा थांबून, "माझ्याबरोबरसुद्धा नाही."

मास्तरीण तेवढ्यात फळ्यांवर आकडे चुकीच्या क्रमानं लावलेत अशी तक्रार घेऊन आली. लांब उभ्या असलेल्या दुकानातल्या मुलीला तिनं तिथूनच सुनावलं, "तुमची एकतीसची पेटी बत्तिसानंतर ठेवलीय. हे चूक आहे." त्या मुलीनं गंभीरपणे येऊन पेटी हलवली आणि पुन्हा लांब जाऊन उभी राहिली. आजीला हसू आलं, आतून, न ठरवता. नवरा असता तर या गोष्टीचं त्यानं महिनाभर भांडवल केलं असतं. तो गप्पिष्ट होता, दोघांच्या वाटचं तोच बोलायचा. "आमची बायको शब्द फार जपून वापरते," तो लोकांना सांगायचा, "त्यामुळे तिच्या वाटचे मला मिळतात." लोक हसायचे आणि त्या हसण्याच्या आडोशाला ती सुखानं बसून राहायची. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, ती रडत कशी नाही. ती रडली नाही कारण घरात माणसं होती, आणि माणसं गेली तेव्हा ती रात्रंदिवस झोपली. नोकरीतही तिनं असाच आडोसा शोधला होता. रुग्णालयाच्या लॅबमध्ये ती आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली पेशी बघत बसली. अंधारी खोली, डोळ्यांपुढे उजेडाचं एक गोल तळं आणि त्यात जांभळ्या गुलाबी पेशी. तिथे तिला कधी गोळी लागली नव्हती. जेवायच्या सुट्टीत सगळ्या खाली एकत्र जेवायच्या, ही म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, एवढं उरकते," आणि दार लावून त्या अंधारात एकटी डबा खायची. काम कधीच उरकायचं नाही. तिला वाटायचं, आपल्याला कामाची आवड आहे.

आणि मग दुकानाची ती खास वेळ संपली. कुणीतरी आधी येऊन लेकीला हळू आवाजात सांगूनही गेलं होतं, पण भुंग्याच्या दुसऱ्या पायात नवा बूट जायचा होता आणि तो पाय आखडून बसला होता. दिवे ओळीओळीनं लागत आले, पाठीमागून पुढे. मग गाणं सुरू झालं. दार उघडलं आणि रस्ता आत आला, हॉर्न, बोलणं, कुणाच्या तरी अत्तराचा वास, पैसे घ्यायच्या यंत्राची टीक टीक. आयुष्यभर ती अशाच दुकानांतून वावरली होती. पण आज तिनं हातातलं ओझं खाली ठेवलं होतं आणि पुन्हा उचलू गेली तर हात वळेना. उजेड डोळ्यांत घुसला. गाण्यातले शब्द, दारातल्या बायकांचे शब्द आणि यंत्राचा आवाज यांचा एकच दोर झाला आणि तो तिच्या भुवईवर आवळला जाऊ लागला. तिनं कानांवर हात ठेवले. मी काय करतेय, असं मनात आलं, पण हात खाली येईनात. ती फळीला पाठ टेकून खाली बसली, जमिनीवर, या वयात, भर दुकानात. कुठूनतरी एकसुरी गुणगुण येत होती. भुंगा आलाय, तिला वाटलं. मग घशात कंप जाणवला आणि कळलं की ती गुणगुण आपली आहे.

डोळे उघडले तेव्हा समोर मास्तरीण उकिडवी बसली होती, जवळ पण न चिकटता. तिच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन होते, त्यामुळे ती वाजवीपेक्षा मोठ्यानं बोलत होती.

"आजी, तुला पण आहे का?"

"काय गं?"

"ऑटिझम. तू कान झाकलेस. आणि तू माणसांच्या डोळ्यांत बघत नाहीस, भुवयांकडे बघतेस. मला माहितीये, कारण मीपण तेच करते. समोरच्याला कळत नाही."

दारातल्या बायका वळून पाहू लागल्या. लेक एका पायात बूट घातलेल्या भुंग्याला कडेवर घेऊन धावत आली. "मास्तरीण, पुरे! आजी दमलीय. आई, काय होतंय? पाणी आणू?"

"काही नाही," आजी म्हणाली. "चक्कर आली जरा." हे वाक्य तिच्याकडे कायम तयार असायचं. लग्नकार्यात, मीटिंगमध्ये, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर, कुठूनही उठून बाहेर पडायला ते कामी आलं होतं. लोक लगेच वाट करून देत. चक्कर येणाऱ्या बाईला कुणी शिष्ट म्हणत नाही.

"चक्कर आली की कान नाही झाकत," मास्तरीण म्हणाली. "डोकं धरतात."

गाडीत बसल्यावर लेकीनं किल्ली फिरवली नाही. मागे भुंगा नव्या बुटांचे तळवे तपासत होता. दुसऱ्या पायाचा बूट शेवटी घालून न बघता अंदाजानंच घेतला होता. मास्तरीण खिडकीबाहेर बघत होती. काचा वर होत्या आणि आत शांत होतं. दोघी समोर बघत होत्या, पार्किंगच्या भिंतीकडे, आणि आजीला वाटलं, असं एकाच दिशेला तोंड करून बसलं की बोलणं किती सोपं असतं.

"खरं सांग," लेक म्हणाली. "चक्कर आली होती?"

"नाही."

"मग?"

"आवाज सहन होईना. उजेडही." तिनं शब्द शोधले. "नेहमीच होत नाही सहन. मला वाटायचं सगळ्यांनाच होतं असं. बाकीचे सोसतात आणि मीच नाटकी आहे."

लेकीनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाली, "शाळेत माझं नाटक होतं, आठवतं? मी झाड झाले होते. बाबा आले होते, तू नव्हतीस. मी सगळ्या पालकांमध्ये तुला शोधत होते. झाडानं मान हलवायची नसते तरी."

"आले होते मी."

"आई, उगाच काहीतरी सांगू नकोस."

"आले होते. हॉलमध्ये शिरले आणि टाळ्या सुरू झाल्या. बाहेर आले. दाराच्या काचेतून बघितलं सगळं. तू हिरवे मोजे घातले होतेस आणि एक खाली घसरला होता. तो वर ओढायला तुला हात हलवता येत नव्हता, मला तिथं बाहेर असह्य झालं होतं ते."

लेकीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. ती रडतेय की हसतेय ते कळेना. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं आजीला वाटलं, आणि दर वेळी असं वाटलं की हात कसा ठेवायचा याचाच विचार पुढे येतो, किती दाबून, किती वेळ, तोवर वेळ निघून जाते, हेही तिला आज पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. तिनं हात ठेवला. जरा जास्तच जोरात पडला बहुतेक. लेकीनं तो झटकला नाही.

"का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगणार होते? नाव नव्हतं त्याला. मी शिष्ट होते एवढंच ठाऊक होतं."

"मास्तरणीच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? तू शेजारी बसली होतीस. मी म्हटलं, कुणाला नाही. सासरचेही म्हणाले आमच्याकडे कुणी नाही. मग मला वाटत राहिलं, माझंच काही चुकलं. गरोदरपणी काही खाल्लं, काही खाल्लं नाही, भांडले, रडले..." तिनं वाक्य सोडून दिलं.

दुकानातल्या जमिनीवर बसल्यापासून मनात फिरत असलेलं आजीनं आता विचारलं. "म्हणजे माझ्याकडून आलंय का गं त्यांच्यात?"

लेकीनं तोंड वर केलं. डोळे पुसले, आरशात मागच्या मुलांकडे पाहिलं. ती आईला बरं वाटावं म्हणून बोलणारी नव्हती. तो गुण तिनं नक्की आईकडूनच घेतला होता. "आलं असेल," ती म्हणाली. "मला आत्ता राग येतोय की बरं वाटतंय तेच कळत नाहीये. दोन्ही असेल. मला जरा वेळ दे." आणि तिनं गाडी सुरू केली.

लेकीनं वेळ घेतला. पुढचे काही दिवस तिचा फोन आला नाही आणि आजीनंही केला नाही. पण हे गप्प राहणं नेहमीच्या गप्प राहण्यासारखं नव्हतं, दोन खोल्यांत दोघी आपापलं काम करताहेत आणि मधलं दार उघडं आहे, तसं होतं. आजी घरातून फिरत राहिली. लॅबमध्ये कधीकधी एकच स्लाइड दुसऱ्या रंगात बुडवून पुन्हा बघावी लागे. पेशी त्याच, पण आधी न दिसलेलं काही उठून दिसे. तसं तिचं सगळं आयुष्य तिच्यापुढे येऊन बसलं. कपाटामागची फट. दार लावून खाल्लेला डबा. नवऱ्याच्या मागे उभं राहून काढलेले समारंभ, आणि समारंभानंतर दोन दिवस अंथरुणाला खिळणं. लग्नानंतर सासूनं प्रेमानं आणलेला, अंगाला काचणारा एक पोशाख, जो घालवत नाही म्हणून झालेला अबोला. लोकांनी तिच्याबद्दल वापरलेले सगळे शब्द तिनं एकेक करून आठवले, शिष्ट, तुसडी, थंड, माणूसघाणी. ते शब्द खोटे नव्हते, पण त्यांनी दुसऱ्याच कुठल्या बाईचं वर्णन केलं होतं आणि ती मुकाट्यानं त्या बाईचं आयुष्य जगत आली होती. ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. तिनं तो शब्द मोठ्यानं उच्चारून पाहिला आणि तिला तो मुळीच पटला नाही. स्वतःत मग्न व्हायला तिला मिळालंच कधी? ती तर जन्मभर दुसऱ्यांत मग्न होती. ते कसे हसतात, कधी उठतात, हात कुठे ठेवतात. स्वतःशी गाठ पडली ती आत्ता, बुटांच्या दुकानात. एका संध्याकाळी तिला फार संताप आला, कुणावर ते कळेना. आईवर नाही, नवऱ्यावर नाही. गेलेल्या वर्षांवर कुणी रागावू शकतं का? तिनं घरातले सगळे मोठे दिवे बंद केले, एक छोटा ठेवला आणि त्याच्याजवळ बसून हलक्या आवाजात गुणगुणली, कुणी ऐकत नसताना, मन भरेपर्यंत.

डॉक्टरांकडे जावं का, असं लेकीनं शेवटी फोनवर विचारलं. "तुला हवं असेल तर. नको असेल तरी..." ती थांबली. मागचा दरवाजा उघडायला निघाली होती आणि मधेच थांबली होती. "मला वाटतं तू जावंस, आई. मी येते बरोबर."

"जाऊ," आजी म्हणाली. "आधी मला एक काम आहे."

त्या आठवड्यातल्या खास सकाळी ती एकटीच दुकानात गेली. दारात नवीनच एक मुलगी होती, आधीच्या खेपेला नसलेली. तिनं अदबीनं हात आडवा केला. "काकू, थोड्या वेळानं येता का? ही वेळ ऑटिझमच्या मुलांसाठी आहे. का मुलं मागून येतायत?"

मुलं मागून येतायत. उत्तर तयारच होतं, समोरूनच मिळालं होतं. नातवंडं गाडीत आहेत, लेक आणतेय त्यांना, मी पुढे आले. असं म्हटलं की ती मुलगी बाजूला होणार होती, आणि नंतर कुणी काही विचारणार नव्हतं. रस्त्यावरून कचऱ्याचा ट्रक घरघरत गेला आणि तिचे खांदे आपोआप वर आले. आतून मंद उजेड तिच्या पायांपर्यंत पोचला होता. अजून कुठल्या डॉक्टरनं काही म्हटलेलं नव्हतं, हेही तिच्या मनात आलं; नऊ वर्षांच्या पोरीच्या शब्दापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं.

"मुलं नाहीत," ती म्हणाली. "मीच आहे."

ती मुलगी क्षणभर गोंधळली. तिनं आजीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे, पर्स घट्ट धरलेल्या हातांकडे. मग तिचा आडवा हात खाली आला. "या ना," ती म्हणाली, आणि आठवल्यासारखं आवाज उतरवून, "मदत करू की एकट्याच बघाल?"

"एकटीच बघते. लागलं तर सांगेन."

ती बाकावर बसली. तिनं पायातले जोडे काढले आणि आपले पाय बघितले. करंगळ्या आत वळलेल्या, अंगठ्याच्या हाडाशी घट्टे. आयुष्यभर तिनं दुकानातून सुटायच्या घाईत पहिला हाताला लागेल तो जोड घेतला होता. "होतोय का?" असं कुणी विचारलं की "होतोय, होतोय, बांधून द्या," एवढंच तिनं म्हटलेलं होतं, आणि मग तो जोड झिजेपर्यंत पायांनी निमूट सोसलेला. आता तिला कसलीही घाई नव्हती. तिनं एक जोड घातला, उभी राहिली, चार पावलं चालली, बसली, काढला. दुसरा घातला. कुणी जवळ आलं नाही. तिसरा मऊ होता, रंगानं बरा होता, आणि तिला वाटलं हाच घ्यावा, पुरे झालं. मग तिनं पायाची बोटं आत हलवून पाहिली. मान वळवून लांब उभ्या असलेल्या मुलीला हातानं खूण केली.

"होतोय का, काकू?" मुलीनं जवळ येऊन विचारलं.

"नाही," आजी म्हणाली. "अंगठ्याला लागतोय. दुसरा दाखवा."